हाँगकाँगचे उतार आणि दूर्वांची फवारणी

हाँगकाँगहून परत आलेल्या मनुष्यास मित्रमंडळी जे प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात. तेथील उंच इमारती कशा, बाजार कसा, शाकाहारी मनुष्याच्या जेवणाची सोय कशी लागते, एवढें ऐकलें कीं श्रोत्यांचें समाधान होतें. आम्हां उभयतांस मात्र तेथें पांच आठवडे राहून जी वस्तु सर्वांत अधिक पाहण्यासारखी वाटली, ती प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाहीं. ती वस्तु म्हणजे तेथील डोंगरांचे उतार. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पाठीमागें, देवळाच्या डोक्यावर, राहत्या घराच्या खिडकीसमोर दहा हातांवर, जेथें पाहावें तेथें कापलेला नाहीं तर भराव घालून उभा केलेला एक उतार असावयाचाच. आणि त्याच्या पायथ्याशीं, आपल्याकडे घरावर क्रमांकाची पाटी असते तशी, एक लहानशी पाटी लावलेली असावयाची.

हाँगकाँगचा एकंदर भूप्रदेश अकराशें चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या सातव्या हिश्शाएवढा. त्यांत पाऊण कोट माणसें राहतात. जमीन बहुतेक डोंगराळ; सपाटी म्हणून जी दिसते तींतील बरीचशी समुद्रांत भर घालून मिळविलेली. अर्थात्‌ घर बांधावयाचें तर डोंगर कापावा लागतो, आणि कापून निघालेली माती कोठें तरी दरींत लोटून तिच्यावर दुसरें घर उभारावें लागतें. हा उद्योग दीडशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तेथील खडक मुख्यतः ग्रॅनाइटाचा व प्राचीन ज्वालामुखींच्या राखेचा. परंतु उष्ण आणि दमट हवेंत तो वरून कुजत जाऊन कित्येक ठिकाणीं पुष्कळ खोलपर्यंत त्याची मातीच होऊन बसली आहे. ही माती कोरडी असतां उभी कापली तरी भिंतीसारखी राहते. आंत पाणी मुरलें कीं तिचा धीर सुटतो. पाऊस वर्षाकांठीं सरासरी २,४०० मिलिमीटर, आणि तोहि आपल्या कोंकणांतल्याप्रमाणें थोड्या महिन्यांत उरकून घेणारा. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं अकरा ते बारा या एका तासांत तेथील वेधशाळेनें १५८.१ मिलिमीटर पाऊस मोजला. १८८४ पासूनच्या तिच्या नोंदींत तासाभरांत एवढा पाऊस पूर्वीं कधीं पडलेला नव्हता.

पाट्यांविषयीं आम्हीं प्रथम आमच्या भाच्यास विचारलें. तो तेथें एका पेढींत नोकरीस असून डोंगराच्या अंगास असलेल्या एका इमारतींत एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, "मामा, येथें माणसांना जसें ओळखपत्र आहे तसें उतारांनाहि आहे." आणि तें अक्षरशः खरें आहे. मनुष्यानें घडविलेले सुमारें ६०,००० उतार व धरणभिंती सरकारदप्तरीं नोंदलेल्या आहेत. पाटीवर प्रथम नकाशाच्या तुकड्याचा क्रमांक असतो. पुढें एक इंग्रजी अक्षर असतें, त्यावरून उतार कापलेला आहे, भरावाचा आहे, कीं ती भिंत आहे, हें कळतें. आणि शेवटीं त्या उताराचा स्वतःचा क्रमांक. उतार सरकारी असेल तर त्याची निगा राखणाऱ्या खात्याचें नांवहि बहुधा तेथेंच असतें. यांतील सुमारें एक तृतीयांश उतार खासगी मालकीचे आहेत. म्हणजे घर घेणारास घराबरोबर डोंगराचा एक तुकडाहि पदरांत पडतो, आणि त्याची दरसाल पाहणी, पांच वर्षांनीं अभियंत्याकडून तपासणी, गटारांची सफाई, हा सर्व खर्च गाळेधारकांस वांटून द्यावा लागतो. आमच्या भाच्याच्या इमारतीच्या वाट्यास दोन उतार आलेले आहेत. त्याच्या मासिक खर्चाच्या यादींत वीज आणि पाणी यांच्या खालीं हीहि एक बाब पाहून सौभाग्यवतींनीं तिला "दरडपट्टी" असें नांव दिलें, आणि आतां त्या घरीं तोच शब्द रूढ झाला आहे.

एवढी काटेकोर व्यवस्था कोणतेंहि सरकार हौसेनें करीत नाहीं. तिच्या मुळाशीं माणसांचे प्राण आहेत. १९४७ नंतरच्या काळांत हाँगकाँगांत दरडींखालीं ४७० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यापूर्वींहि १७ जुलै १९२५ या दिवशीं पो हिंग फाँग येथें एक दगडी धरणभिंत घरांवर कोसळून ७५ माणसें दगावलीं होतीं. परंतु सर्वांत भयंकर दिवस म्हणजे १८ जून १९७२. तीन दिवसांत सहाशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस झालेला होता. त्या दिवशीं दुपारीं कौलूनच्या पूर्वेस साऊ माऊ पिंग येथें रस्त्यासाठीं घातलेल्या भरावाचा उतार सुटला आणि खालच्या झोपड्यांच्या वस्तीवर पसरला. ७१ माणसें गेलीं. त्याच रात्रीं नऊच्या सुमारास हाँगकाँग बेटावर, जेथें सुखवस्तु लोक राहतात त्या मिड-लेव्हल्स भागांत, पो शान रस्त्याजवळचा डोंगर सुटला आणि खालच्या कोटवाल रस्त्यालगतची बारा मजल्यांची इमारत घेऊन गेला. तेथें ६७ माणसें गेलीं. एकाच दिवशीं गरिबांची वस्ती आणि श्रीमंतांची वस्ती दोन्ही दरडीनें सारख्याच लेखिल्या. कोटवाल हें नांव वाचून आम्ही चमकलों. तें सर रॉबर्ट कोटवाल यांचें. त्यांचे वडील पारशी होते. मुंबईच्या पारशी मंडळींच्या खुणा या शहरांत ठायीं ठायीं आहेत. बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरीच्या होड्या एका पारशानेंच सुरू केल्या, आणि तेथील विद्यापीठाच्या पहिल्या इमारतीस होरमसजी मोदी यांनीं मोठी देणगी दिली. परंतु कोटवाल हें नांव जुन्या हाँगकाँगकरांच्या मनांत त्या एका रात्रीशींच निगडित झालेलें आहे.

साऊ माऊ पिंगला आम्ही मुद्दाम गेलों. आतां तेथें उंचच उंच वसाहती आहेत. या नांवाचीहि एक कथा सांगतात. पूर्वीं तेथें थडगीं होतीं, आणि चिनी भाषेंत त्या जागेस थडगीं झाडण्याचें पठार अशा अर्थाचें नांव होतें. वस्ती झाल्यावर अशुभ नको म्हणून त्याच उच्चाराच्या जवळचीं दुसरीं अक्षरें घेतलीं, त्यांचा अर्थ सुंदर व हिरवीगार जागा असा होतो. हिरवेपणाचें नांव ठेवल्यानें भरावाची माती कांहीं घट्ट झाली नाहीं. १९७२ नंतर चार वर्षांनीं, २५ ऑगस्ट १९७६ रोजीं, त्याच वस्तींत पुन्हां भरावाचा उतार वितळल्यासारखा खालीं आला आणि तळमजल्यावरील खोल्यांत चिखल शिरून १८ माणसें मेलीं. चौकशीअंतीं कारण निघालें तें अगदीं साधें. भरावाची माती टाकतांना ती धुम्मस करून बसविलेली नव्हती; नुसती ओतलेली होती. पाणी मुरतांच तिच्या कणाकणांतील पोकळी भरून तिचें कालवण झालें. मग पुढच्याच वर्षीं, १९७७ सालीं, उतारांवर देखरेख करणारें स्वतंत्र खातें निघालें, आणि दरडीचा इशारा देण्याची पद्धतहि त्याच सालीं सुरू झाली. पाऊस वाढला कीं अजूनहि दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या कोपऱ्यांत दरडीची खूण येते. या वस्तींत वानरदेवाचें एक देऊळ आहे. चिनी लोकांचा हा पराक्रमी वानर म्हणजे आपल्या मारुतिरायाचाच दूरचा आप्त असावा असें कित्येक पंडित म्हणतात. सौभाग्यवतींनीं पंडितांच्या निर्णयाची वाट न पाहतां हात जोडले.

आतां उतार राखावयाचा कसा? तेथील जुनें उत्तर आम्हांस घरच्यासारखें वाटलें, कारण त्याचें नांवच आपल्या देशांतून गेलेलें आहे. त्याला "चुनाम" म्हणतात. मद्रासकडील चुन्याच्या गिलाव्याचा हा शब्द इंग्रजांनीं उचलला आणि पूर्वेकडे नेला. एक भाग सिमेंट, तीन भाग चुना आणि वीस भाग कुजलेल्या खडकाची चिकण माती यांचें मिश्रण करून तें उतारावर थापतात. म्हणजे आपल्याकडे मातीच्या भिंतीस गिलावा करतात तसा डोंगरास गिलावा. हेतु एवढाच कीं पावसाचें पाणी आंत मुरूं नये. पुढें यंत्रानें सिमेंट-वाळू फवारण्याची रीत आली, आणि वीस-पंचवीस वर्षांत हाँगकाँगचे कित्येक उतार राखेच्या रंगाचे होऊन गेले. गिलावा करतांना मध्येंच एखादें जुनें झाड असलें तर त्याच्या बुंध्याभोंवतीं वर्तुळाकार जागा मोकळी सोडीत. अशीं झाडें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. सिमेंटच्या सपाट अंगांतून बाहेर डोकावणारीं. त्यांची कींव येते.

याच्या उलट प्रकार केनेडी टाऊनमधील फोर्ब्स स्ट्रीटवर पाहावयास मिळतो. तेथें जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यांतून नांदरुकाचीं झाडें वाढलेलीं आहेत. नांदरूक म्हणजे वडाच्या जातीचा वृक्ष, आपल्याकडे रस्त्यांच्या दुतर्फा असतो तोच. त्यांचीं मुळें भिंतीवर एखाद्या जाळ्यासारखीं पसरून दगडांना कवटाळून बसलेलीं आहेत, आणि कोण कोणाला धरून आहे हें सांगणें कठीण. शहरवासीयांचें या वृक्षांवर फार प्रेम. २०१५ च्या ऑगस्टांत बॉनम रोडवरील असे चार वृक्ष भिंतीसह कोसळतील या भीतीनें सरकारनें तोडले, तेव्हां लोकांत मोठा क्षोभ झाला. आम्हीं दोन्ही बाजूंचें ऐकलें. वृक्ष गेल्याचें दुःख खरें. परंतु ज्यानें एकदां भिंत पडलेली पाहिली त्या अधिकाऱ्याची भीतिहि खोटी म्हणवत नाहीं. १९९४ च्या जुलैमध्यें याच केनेडी टाऊनमध्यें एक जुनी दगडी भिंत कोसळून पांच माणसें मेलीं होतीं, आणि तिचें कारण झाड नव्हे तर जमिनीखालचीं फुटकीं गटारें होतीं. बाहेर वैऱ्याचा पहारा ठेवावा आणि घरांतल्याच नळानें घात करावा, असा प्रकार.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत राखाडी उतारांचा सर्वांनाच कंटाळा आला, आणि सरकारनें उतार हिरवे करण्याचें धोरण धरलें. हें काम प्रत्यक्ष कसें चालतें तें आम्हांस शा टिनच्या बाजूस एका सकाळीं पाहावयास मिळालें. भाच्याचे एक स्नेही, मूळचे सांगलीकडचे, मातीच्या कामाचे अभियंते आहेत. त्यांनीं आम्हांस सोबत नेलें. रस्त्याच्या वर नवा कापलेला, तांबूस पिवळ्या मातीचा सुमारें तीन पुरुष उंचीचा उतार होता. खालीं एक मोठी टाकी घेतलेली मालमोटार उभी होती. टाकींत लोखंडी वल्हीं सारखीं फिरत होतीं आणि आंत हिरवा, दाट, आमच्या मंडळींच्या शब्दांत सांगावयाचें तर पुदिन्याच्या चटणीसारखा पदार्थ ढवळला जात होता. पंपाची घरघर वाढली, आणि एका तरुण कामगारानें खांद्यावरील जाड नळीचें तोंड वर केलें. हिरवी धार कमानीसारखी उंच उडून उताराच्या माथ्यावर पडूं लागली. तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग थोडें खालीं, मग परत, असा शेतांत नांगर फिरवावा तसा ती धार फिरवीत होता. अर्ध्या तासांत उघडी माती नाहींशी होऊन सर्व उतारास हिरवें पांघरूण पडलें. दुरून पाहणारास वाटावें, येथें गवत उगवलेंच आहे.

या रीतीस इंग्रजींत हायड्रोसीडिंग म्हणतात. आपण हवें तर जलपेरणी म्हणूं. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानच्या रस्तेखात्यांत ती निघाली, आणि तिचें श्रेय मॉरिस मँडेल यांस देतात. नवीन मोटाररस्त्यांच्या कडेचे उभे उतार, त्यांवर माणसानें चढून बीं टाकावें तर पाय ठरत नाहीं आणि टाकलेलें बीं पहिल्या पावसांत वाहून जातें. तेव्हां बीं पाण्यांत कालवून खालून वर फेकावें, अशी ती युक्ति. आतां अमेरिकेंत घरापुढील नवीन हिरवळीसाठींहि तिचा सर्रास उपयोग करतात. तयार गवताच्या गुंडाळ्या आणून अंथरण्यापेक्षां ती पुष्कळ स्वस्त पडते. हातानें कोरडें बीं फेकण्यापेक्षां महाग, परंतु बीं वाळत नाहीं व चिमण्याहि फारसें टिपीत नाहींत.

मिश्रणांत काय काय असतें याची चौकशी सौभाग्यवतींनीं अधिक बारकाईनें केली, कारण हा प्रकार त्यांना पाककृतीसारखा वाटला. पाणी, गवताचें बीं, खत, लांकडाचा किंवा कागदाचा लगदा, चिकटपणासाठीं डिंक, आणि हिरवा रंग. रंगाचा गवताशीं कांहीं संबंध नाहीं. कोठें फवारलें आणि कोठें राहिलें हें कामगारास दिसावें एवढ्यासाठींच तो घालतात. लगदा ओल धरून ठेवतो आणि पावसाच्या थेंबाचा मार स्वतःवर घेतो. डिंकाची गोष्ट ऐकून मात्र आम्हां दोघांस मौज वाटली. या कामीं जगभर जे चिकट पदार्थ वापरतात त्यांत गवारीच्या बियांचा डिंक आणि इसबगोल हे प्रमुख आहेत, आणि दोन्ही जगांत सर्वांत अधिक पिकतात तीं आपल्या देशांत, राजस्थान-गुजरातच्या बाजूस. पोट साफ होण्यासाठीं रात्रीं दुधांतून घ्यावयाचा इसबगोल परदेशीं डोंगरास बीं चिकटविण्याच्या उपयोगीं पडावा हें कोणाच्या स्वप्नांत आलें असतें? मिश्रण टाकींत फार वेळ ठेवीत नाहींत. बीं भिजून फुगतें आणि वल्ह्यांच्या माराने दुखावतें. फवारणी झाल्यावर उतार फार उभा असेल तर वरून काथ्याची वा तशाच कुजून जाणाऱ्या धाग्याची जाळी अंथरतात आणि खुंट्या मारून बसवितात. ती जाळी एक-दोन वर्षांत कुजते. तोंवर गवतानें आपलें ठाणें बसवावें अशी अपेक्षा.

आणि गवत कोणतें? हाच प्रश्न आम्हीं अभियंत्यांस विचारला. त्यांनीं पिशवींतून चिमूटभर बीं आमच्या तळहातावर ठेवलें व म्हणाले, "काका, हें तुमच्या ओळखीचें आहे. इंग्रजींत बर्म्युडा ग्रास म्हणतात. आपली दूर्वा." दूर्वेच्या जोडीस बाहिया नांवाचें दक्षिण अमेरिकेंतील एक चिवट गवतहि घालतात, परंतु मुख्य मान दूर्वेचा. बर्म्युडा बेटांशीं तिच्या जन्माचा कांहीं संबंध नाहीं. इंग्रजांना ती तेथें भेटली म्हणून नांव पडलें एवढेंच. तिच्या शास्त्रीय नांवाचा ग्रीक भाषेंत अर्थ कुत्र्याचा दांत असा होतो, आणि नवल असें कीं चिनी नांवाचाहि अर्थ तोच, कुत्र्याच्या दांताचें मूळ. दोन्ही लोकांची दृष्टि कोंबाच्या टोकाकडे गेली. आपल्या पूर्वजांची दृष्टि तिच्या पेरांकडे गेली. पूजेंतील दूर्वेच्या मंत्रांत तिच्या कांड्याकांड्यांतून, पेरापेरांतून फुटत जाण्याचें जें कौतुक आहे, तोच तिचा गुण या उतारांवर कामास येतो. ती जमिनीसरशी धांवते, प्रत्येक पेराशीं मूळ सोडते, आणि बघतां बघतां मातीवर शिवण घालावी तशी ती माती शिवून टाकते. आमच्या दक्षिणेंतील शेतकऱ्यास हाच गुण शापासारखा वाटतो, हेंहि सांगितलें पाहिजे. काळ्या रानांत हरळी शिरली कीं ती खणून काढतांना घरांतील पैसा आणि अंगांतील बळ दोन्ही संपतात. एकाच गवतास आपण गणपतीच्या मस्तकावर चढवितों आणि शेतांतून मुळासकट उपटतों. तिचा स्वभाव तोच, जागा निराळी. दुसऱ्या दिवशीं संकष्टी होती. त्या हिरव्या उतारांपैकीं एखाद्यावरून एकवीस दूर्वा खुडाव्या असें सौभाग्यवतींच्या मनांत आलें, परंतु भाचा म्हणाला, "मामी, त्यावर रासायनिक खत आहे, आणि उतारावर चढणें मना आहे." शेवटीं पायवाटेच्या कडेला आपण होऊन उगवलेल्या दूर्वा मिळाल्या.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं दूर्वा फवारल्या म्हणजे डोंगर सुरक्षित झाला. आमचाहि समज थोडा तसाच होत चालला होता, आणि अभियंत्यांनीं तो तेथेंच थांबविला. ते म्हणाले, "काका, गवत हा अंगावरचा सदरा आहे. हाडाचें दुखणें सदऱ्यानें बरें होत नाहीं." पावसाचा थेंब उघड्या मातीवर पडला कीं कण उडतो, उडालेला कण पाण्याबरोबर वाहतो, ओहळ पडतात, ओहळाची घळ होते, ही झीज गवत थांबवितें आणि उत्तम रीतीनें थांबवितें. परंतु त्याचीं मुळें बहुतेक वरच्या थरांतच असतात. दरड सुटते ती दोन, तीन, पांच मीटर खालून. तेथें उपाय निराळा. उतारांत खोल भोंकें पाडून लोखंडी सळया घालतात आणि भोंवतीं सिमेंटचा रस भरतात. आंतलें पाणी बाहेर काढण्यासाठीं आडव्या नळ्या घालतात. माथ्यावर चर आणि अंगावर पायऱ्यापायऱ्यांचीं गटारें करतात. हें सर्व झाल्यावर मग वरून दूर्वा. आम्ही ज्यास हिरवी टेकडी म्हणून न्याहाळीत होतों तिच्या पोटांत शेंकडों सळया होत्या, आणि त्यांचीं डोकीं गवताखालीं झांकलेलीं होतीं.

यांत एक खरा वाद आहे, आणि तो अजून मिटलेला नाहीं. सिमेंटचा गिलावा कुरूप खरा, पण तो पाणी आंत जाऊं देत नाहीं आणि त्यावर भेग पडली तर लांबून दिसते. गवत सुंदर, हवा थंड ठेवणारें, परंतु पाणी मुरूं देणारें, आणि खालची भेग झांकणारें. म्हणून हिरवा उतार करावयाचा तर गणितांत आधींपासूनच आंतलें पाणी धरावें लागतें, सळया वाढवाव्या लागतात आणि पाहणी करणारास गवत बाजूला सारून चालावें लागतें. कांहीं ठिकाणीं पूर्वीं सिमेंटलाच हिरवा रंग देऊन लोकांचें समाधान करीत, त्यापेक्षां हें प्रामाणिक. नुसतें गवतहि पुरत नाहीं. खताचा जोर ओसरला कीं तें विरळ होतें आणि हिवाळ्यांत वाळून पेट घेतें. थडगीं झाडण्याच्या सणांत उदबत्त्या आणि कागद जाळतात, त्यांतून डोंगरास वणवे लागणें नेहमींचें आहे. म्हणून पुढें झुडपें व झाडें लावतात. पूर्वीं यासाठीं ऑस्ट्रेलियन बाभळीच्या जातीचीं झाडें फार लावलीं, तींच जीं आपल्या कोंकणांत सामाजिक वनीकरणांत सर्वत्र दिसतात. तीं लवकर वाढतात, पण तीं म्हातारीं झालीं कीं वाऱ्यांत मोडतात, आणि त्यांच्याखालीं दुसरें फारसें येत नाहीं. आतां स्थानिक झुडपांकडे लक्ष वळलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत, जपानी अमलाखालीं, या डोंगरांवरील वृक्ष सरपणासाठीं तोडले गेले होते. आज जें रान दिसतें तें बहुतेक त्यानंतरचें.

हें सर्व आम्ही कुतूहलानें पाहत होतों असें नव्हे. कोंकणांत आमचें मूळ घर आहे. तेथें धाकटे बंधु आणि वृद्ध काकू राहतात. रस्ता रुंद करतांना घरासमोरची टेकडी पंचवीस फूट सरळ कापली गेली, आणि दोन पावसाळ्यांत तिची तांबडी माती रस्ता ओलांडून अंगणापर्यंत येऊं लागली. ३० जुलै २०१४ चें माळीण, २२ जुलै २०२१ चें तळिये, १९ जुलै २०२३ ची इर्शाळवाडी, हीं नांवें आतां कोंकण आणि घाटमाथ्यावरील कोणत्याहि घरांत पावसाळ्याच्या रात्रीं आठवल्यावांचून राहत नाहींत. त्या ठिकाणीं सुटलेले उतार रस्त्याच्या कापणीपेक्षां कितीतरी मोठे होते आणि कोणत्याहि गवतानें ते थांबले नसते, हें खरें. पण झोंप लागत नाहीं तेव्हां मनुष्य असा भेद करीत बसत नाहीं. फवारणीची चलच्चित्रें भ्रमणध्वनीवर पाठवितांच बंधूंनीं विचारलें, "दादा, हें आपल्या दरडीवर होईल का?"

अभियंत्यांनीं उत्तर देण्यापूर्वीं उलट प्रश्न विचारले. माथ्यावरचें पाणी कोठें जातें? माथ्याच्या मागें, कड्यापासून दहा-पंधरा हातांत, जमिनीस भेग आहे का? पाऊस थांबल्यावरहि उताराच्या मध्यांतून पाणी पाझरतें का? वरचीं झाडें पुढें झुकलीं आहेत का? बंधूंनीं दुसऱ्याच दिवशीं वर जाऊन पाहिलें. कुंपणापलीकडे करवंदीच्या जाळींत एक भेग होती, बोटभर रुंद आणि पंधरा पावलें लांब. ती ऐकून अभियंत्यांनीं दूर्वांचें नांवच काढलें नाहीं. प्रथम माथ्यावर, भेगेच्या मागें, चर खणून सर्व पाणी बाजूच्या ओहळांत नेणें. भेग चिकण मातीनें ठासून बुजविणें. कापणीचा उभेपणा कमी करून मध्यें एक पायरी घेण्यासाठीं अर्ज करणें. उताराच्या कडेनें आडव्या ओळींत वाळा लावणें, कारण वाळ्याचें मूळ सरळ खालीं, पुरुषभर व त्याहूनहि अधिक खोल जातें. आणि मुसळधार पावसाच्या रात्रीं रस्त्याकडील खोल्यांत कोणीं निजूं नये, हें पहिल्यापासून शेवटपर्यंत.

बंधूंचें पत्र परवां आलें. अर्ज दिलेला आहे. उत्तर अजून नाहीं. चर मृगापूर्वीं पुरा झाला, चार गडी आठ दिवस खपत होते. विहिरीकांठचा जुना वाळा फोडून त्याचे चारशें ठोंब दोन ओळींत लावले, त्यांतले पन्नास-साठ मेले, बाकीचे धरले आहेत. पायथ्याशीं हरळी आपण होऊनच पसरूं लागली आहे. भेग बुजविलेल्या जागीं बंधूंनीं दोन्ही कांठांस एकेक खुंटी मारली आहे आणि दर रविवारीं त्यांतील अंतर टेपनें मोजून ते भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात; आजवर तें सारखेंच आहे. काकू मात्र चाळीस वर्षांची ओटीवरील जागा सोडून मागच्या माजघरांत निजावयास तयार नव्हत्या. आषाढाच्या पहिल्या आठवड्यांत सलग तीन दिवस पाऊस लागला, तेव्हां त्या आपली वळकटी घेऊन आपण होऊन आंत आल्या.